आलोच आहोत तर...

त्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे तुळशीचं लग्न होतं आणि भर दुपारी घरची सून गोव्यातल्या शापोरा नदीत एका उलट्या कयाकला धरून लोंबकळत होती. ऊस, दिंडे, चिंचा-आवळ्यांच्या फांद्या असं सगळं सकाळीच म्हापशाच्या बाजारातून आणून गाडीत ठेवलं होतं, म्हणजे कामं उरकूनच निघाले होते, एवढं माझ्या बाजूने नमूद करते.

कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लहानशी होडी, भाच्याची. कोणाकडून तरी जुनी घेतलेली, दोघांची, पोकळ प्लास्टिकची, आत नव्हे तर वर बसायची. "आत्या, शिवोलीच्या पुलाखालून सुटू, मोरजीच्या टेंबापर्यंत जाऊ, दीड-दोन तासांत परत," असा त्याचा बेत होता. याला आम्ही बेत म्हणत होतो. कुठून कुठे, एवढंच त्यात होतं. पाणी कुठून कुठे चाललंय, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही.

नऊला निघालो. नोव्हेंबरची सकाळ, नदी तव्यासारखी सपाट. दोन्ही काठांना तिवर आणि कांदळ, एका खुंटावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा. वल्हं नुसतं बुडवलं तरी कयाक सरसर पुढे जात होती. माझं वय तेव्हा सत्तेचाळीस, व्यायामाचं नाव नाही, आणि तरी मी नदी कापत चालले होते. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पाणी आपल्याला नेत असतं तेव्हा ते कळतच नाही. आपल्याला वाटतं, आपण चांगले वल्हवतोय.

टेंबाच्या वाळूत उतरलो. हा तोच किनारा, जिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, समोर पलीकडे शापोऱ्याचा किल्ला. दहा वाजले होते. तेव्हाच परत फिरलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मी म्हटलं, "आलोच आहोत तर थोडं बसू या." मग डबा उघडला. मग भाचा म्हणाला, "आलोच आहोत तर वाळूच्या टोकापर्यंत चालून येऊ." मग फोटो. उठलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

परतताना पहिली पाच मिनिटं हसण्यात गेली. नंतर माझं लक्ष जाळं बांधायला रोवलेल्या एका बांबूकडे गेलं. तो आमच्या डाव्या हाताला होता. खूप वल्हवलं, खांदे भरून आले, आणि बघते तर तोच बांबू अजून डाव्या हाताला. त्यात समुद्राकडून वारा सुटला. वारा पाठीवर, म्हणजे मदतच, असं वाटलं. पण नदी समुद्राकडे धावत होती आणि वारा समुद्राकडून येत होता. दोघं समोरासमोर आले की पाणी मधल्यामध्ये उभं राहतं. सकाळच्या तव्यावर आता आखूड, खड्या, एकमेकींना खेटलेल्या लाटा होत्या. एकीने मागून कयाक उचलली, नाक पाण्यात खुपसलं, बोट आडवी फिरली, आणि पुढच्या लाटेने आम्हाला ओतून दिलं.

भाच्याने लाइफ जॅकेट घातलं होतं. माझं कयाकच्या दोरीखाली नीट घडी घालून ठेवलेलं होतं. गरम होत होतं ना! आता हे ज्यांना अनुभवाने माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : पाण्यात पडल्यावर लाइफ जॅकेट सहजासहजी घालता येत नाही. ते जॅकेट तरंगतं, आपण बुडतो, हात दोनच असतात आणि त्यातला एक बोट धरण्यात गुंतलेला असतो. मी दहावेळा प्रयत्न केला असेन. शेवटी ते उशीसारखं छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने कयाक. किनारा इतका जवळ दिसत होता की बोट सोडून पोहत जावं असा मोह होत होता. पोहायला येतं मला. भाचा ओरडला, "आत्या, सोडू नकोस!" ते त्याचं त्या दिवशीचं एकमेव शहाणपणाचं वाक्य. उलटी बोटसुद्धा तरंगते आणि लांबून दिसते. पाण्यातलं माणसाचं डोकं नारळाएवढं असतं, आणि आमच्या नद्यांत नारळ खूप वाहत असतात.

एका होडीवाल्याने आम्हाला बघितलं. त्याने दोर टाकला, मोरजीच्या बाजूला ओढत नेलं, आणि आम्ही आभार मानत परत वल्हं उचलतोय हे पाहून तो थक्कच झाला.

"बाये, खंय वता?"

"शिवोलीला."

त्याने नदीकडे बघितलं, मग आमच्याकडे. "उदक परतूं दी. मागीर वचात."

पाणी परतू दे, मग जा. एवढं बोलून तो गेला. आम्ही एका उंडीच्या झाडाखाली सव्वादोन तास बसलो. फोन मेलेला, पिण्याचं पाणी संपलेलं, आणि आपण कुठे आहोत हे जगात कोणालाही सांगितलेलं नाही, हे मला तिथे बसल्यावर आठवलं. तीनच्या सुमारास नदी थांबली. खरंच थांबते ती. काही मिनिटं पाण्यावरचं पान जागच्या जागी असतं. मग ते पान हळूच उलट्या दिशेला निघालं. आम्हीही निघालो. पाठीवर तोच वारा, पण आता पाणीही त्याच दिशेला, म्हणून लाटा बसलेल्या. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत पुलाखाली. त्याच हातांनी.

घरी पोचले तेव्हा सासूबाई वृंदावन सारवून रांगोळी घालत होत्या. माझे ओले केस बघून त्यांनी काही विचारलं नाही. रात्री लग्न लागलं, पोहे वाटून झाले, आणि मग भांडी आवरताना त्या म्हणाल्या, "आज बारस न्हय गो?"

"हो, द्वादशी. बारसेलाच लग्न लावतो ना आपण."

"मग बारसेचं पाणी नवाला भरतं. नवाला सुटलीस म्हणजे सुकतीबरोबर, ओहोटीबरोबर गेलीस. दुपारी परत कशी येणार होतीस?"

सासूबाईंचं माहेर आगरवाड्याचं, मिठागरवाल्यांचं. उधाणाचं पाणी आत घेऊन मिठागर भरायचं, म्हणून दार कधी उघडायचं हे त्यांच्या घरात पोरासोरांना ठाऊक. हिशोब असा : तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. बारस म्हणजे १२, त्रिक ३६, भागिले ४, नऊ वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. रात्रीची भरती त्यानंतर साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी. हाच हिशोब मुंबईकडेही चालतो; मुंबईपेक्षा आमच्या किनाऱ्यावर पाणी थोडं आधी भरतं, आणि नदीत आत यायला त्याला थोडा वेळ लागतो, म्हणून दोन्हीकडची चूक एकमेकींना खाऊन टाकते. पुस्तकात भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, सासूबाईंच्या हिशोबात पंचेचाळीस. एवढ्याशा फरकाने कोणी बुडत नाही.

आता माझी खरी लाज सांगते. मी शाळेत भूगोल शिकवते. चोवीस वर्षं मी फळ्यावर किनारा काढून एका बाजूला मतलई वारे आणि दुसऱ्या बाजूला खारे वारे असे बाण काढत आले आहे. रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, दिवसा जमीन तापते म्हणून दुपारी समुद्राकडून जमिनीकडे. परीक्षेत दोन गुण. आणि तोच खारा वारा साडेअकराला माझ्या पाठीवर आपटला तेव्हा मला तो ओळखू आला नाही. भिंतीवर कालनिर्णय होतं, स्वयंपाकघरात सासूबाई होत्या, कपाटात भूगोलाचं पुस्तक होतं. कयाकमध्ये यातलं काहीच नव्हतं.

त्यानंतर मी वर्गात भरती-ओहोटी नेवऱ्यांनी, म्हणजे आमच्याकडच्या करंज्यांनी, शिकवायला लागले. बारा नेवऱ्या ताटात ठेवायच्या. नदी सहा तासांत रिकामी होणार. पहिल्या तासात एकच नेवरी जाते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. पोरांना चटकन कळतं की ताट सर्वांत वेगाने मधल्या दोन तासांत रिकामं होतं. आम्ही नेमके तिसऱ्या तासाच्या मध्यावर परत फिरलो होतो. नवखा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर वल्हवतो, तेही दमेपर्यंत. नदीच्या मुखाजवळ त्यातलं बरंचसं ओढ खाऊन टाकते. आणि ती फक्त बारस होती. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला आमच्याकडे पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि ओढ आणखी वाढते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी सर्वांत कमी चढतं-उतरतं तेव्हा, नदी त्या मानाने आळशी असते. नवीन माणसाला पहिल्यांदा नेताना मी आता अष्टमीच्या आसपासचा रविवार शोधते. देवळात नेताना बघत नाही इतकी तिथी कयाकसाठी बघते, असं नवरा म्हणतो.

ओहोटीची आणखी एक खोड आहे, ती फोटोंत दिसत नाही. भरतीला तिवरांपर्यंत पाणी असतं, कुठेही उतरता येईलसं वाटतं. सुकतीला तोच काठ मांडीभर चिखल होतो आणि खडकांवरची कालवं पाय कापतात. म्हणून जाताना मी उतरायच्या जागा मोजत जाते. एखादी जेटी, घट्ट वाळूचा तुकडा, बांधाचा दगडी भाग. जिथे ओहोटीलाही पाय टेकेल अशीच जागा त्यात धरायची.

बेत आता मी उलटा करते. आधी परतीची वेळ ठरवते. हिवाळ्यात वारा अकराच्या पुढेमागे उठतो, म्हणजे साडेदहाला मी जमिनीवर हवी. येताना पाणी पाठीशी हवं, म्हणजे जाताना ते अंगावर घ्यायचं. जोर असतो तेव्हा कष्ट, दमल्यावर मदत. त्यावरून निघायची वेळ येते, आणि सगळ्यात शेवटी ठरतं, जायचं कुठे. कधी कधी हिशोब करता करता लक्षात येतं की या रविवारी या नदीला आपल्यासाठी वेळच नाही. मग घरी झोपायचं. मुरगाव बंदराच्या भरतीच्या वेळा फोनवर मिळतात, हैदराबादची इन्कॉईस संस्था लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज देते, हवामान खात्याचे इशारे असतातच. मी सगळं बघते आणि मग सासूबाईंना विचारते. अजून त्या चुकलेल्या नाहीत.

निघण्याआधी कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायचं : कुठून, कुठे, कोण कोण, परत किती वाजता. त्याखाली एक वेळ असते तिला आमच्या घरात 'काळजीची वेळ' म्हणतात. ही वेळ मी ठरवत नाही, नवरा ठरवतो. मी साडेदहा लिहिलं की तो साडेअकरा लिहितो. त्याआधी फोन करायचा नाही, नुसतं खिडकीत उभं राहायचं नाही. आणि साडेअकरा झाले की वाटही बघायची नाही, सरळ ११२ लावायचा. समुद्राचा बेत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ शेजारी लिहिलेला असतो. एकदा मी वेळेत किनाऱ्याला लागले आणि फोन करायचा विसरून शिवोलीत मासळी घेत बसले. अकरा पंचवीसला आठवण झाली. त्या पाच मिनिटांवरून घरात जे ऐकावं लागलं, ते ऐकून कोणीही पुन्हा विसरणार नाही.

दर ऑक्टोबरात, पाऊस सरला की, आम्ही एक रविवार फक्त पडण्यासाठी ठेवतो. छातीभर पाण्यात कयाक मुद्दाम उलटी करायची, पलीकडची कड धरून सुलटी करायची, मग पोटावर आडवं पडून पाय झाडत वर सरकायचं आणि कूस बदलून बसायचं. हे वाचायला सोपं आहे. पहिल्या वर्षी मी चौदाव्या प्रयत्नाला वर आले, आणि बांधावर बसून बघणाऱ्या गावातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने म्हशीची उपमा दिली. दिली तर दिली. लाइफ जॅकेटचे पट्टे तेव्हाच तपासायचे : कोणीतरी मागे उभं राहून खांद्याला धरून वर उचलायचं, जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते पाण्यातही तिथेच येणार. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली. फोन पाण्यापासून बंद पाकिटात असतो खरा, पण ओल्या बोटांना तो दाद देत नाही, शिट्टी देते.

लोक मला विचारतात, सर्वांत सुरक्षित नदी कुठली. असं काही नसतं. पणजीसमोरच्या मांडवीत ओढीपेक्षा बार्जा, फेरी आणि कॅसिनोच्या बोटींची भीती. बार्ज तुम्हाला बघूनही चटकन थांबू शकत नाही. मांडवी-जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे मी पर्यटकांच्या बोटीतून जाते आणि हात आत ठेवते. पाळोळ्याला भाड्याने कयाक मिळते, पण खडकाळ टोकांना वळसा घालताना लाटा खडकावर आपटून परत फिरतात आणि पाणी चहूबाजूंनी उकळल्यासारखं होतं, ते किनाऱ्यावरून कळत नाही. आणि आमच्या शापोऱ्यावर पावसाळ्यात वर घाटात काय चाललंय यावर सगळं अवलंबून. तिळारी धरणाचं पाणी सोडलं की इकडे ऊन असलं तरी नदी चढते. जून ते सप्टेंबर आमची कयाक माडाखाली पालथी असते. एप्रिल-मेच्या दुपारी आणि ऑक्टोबरात गडगडाट कानावर आला की आहे तिथे काठाला लागायचं. सपाट पाण्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो.

गेल्या फेब्रुवारीत पुण्याहून नवऱ्याचे मित्र आले. तिघं. त्यांना नदी नको होती, मुखातून बाहेर पडून किल्ल्याला वळसा घालून वागातोरला जायचं होतं. दोन महिने आधीपासून ठरलेलं, शेजाऱ्याची एक कयाक मागून आणलेली. आदल्या रात्री इन्कॉईसच्या अंदाजात लाटा वाढलेल्या दिसल्या. सकाळी मोरजीला उभे राहिलो तर आकाश निरभ्र, वाऱ्याचा पत्ता नाही, माडाची झावळी हलत नव्हती. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं, बाई उगाच घाबरतात.

फेब्रुवारीत असं होतं. अरबस्तानाकडे शमाल नावाचे वायव्य वारे सुटतात, आणि त्यांनी तिकडे उठवलेल्या लाटा काही दिवसांनी आमच्या किनाऱ्याला येऊन पोचतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. वारा तिकडचा, लाट इकडची. आपल्या डोक्यावरच्या आकाशाला काही माहीतच नसतं. मी तिघांना वाळूवर बसवलं आणि मुखापाशी पाण्याखाली जो वाळूचा दांडा आहे त्याच्याकडे बघायला सांगितलं. पाच मिनिटं काही नाही. सहा मिनिटं. एक जण उठून पँट झटकायला लागला. आणि मग तीन लाटा लागोपाठ आल्या आणि या काठापासून त्या काठापर्यंत पांढऱ्या फुटल्या.

कोणी बोललं नाही. मग त्यांच्यातला एक, सर्वांत उत्साही, म्हणाला, "वहिनी, आता आलोच आहोत तर निदान त्या दांड्यापर्यंत जाऊन बघू. नाही जमलं तर परत."

मी म्हटलं, "ओहोटी लागलेली आहे. दांड्यापर्यंत तुम्हाला नदी नेईल. परत आणणार नाही."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. पाहुण्यांना नाही म्हणणं त्याला जड जातं. दुसरा बेत माझ्याकडे तयार होता : गाडीने कामुर्लीला जायचं, तिथे नदी शांत, तिवरांच्या कडेकडेने तासभर फिरायचं. दोघं तयार झाले, जरा हिरमुसून. तिसरा म्हणाला, नदी काय पुण्यालाही आहे. तुम्ही जा, मी इथेच बसतो. त्याला वाळूवर सोडून आम्ही गेलो. जाताना मी त्याच्याजवळची वल्ही उचलून गाडीत टाकली. त्याला ते दिसलं असावं.

कामुर्लीला खंड्या दिसले, दोन ब्राह्मणी घारी दिसल्या, पाणमांजर दिसलं असं एकाचं म्हणणं. फार काही घडलं नाही. साडेदहाला किनाऱ्याला लागलो, नवऱ्याने घरी सासूबाईंना फोन केला, आणि परत मोरजीला आलो.

तो तिथेच, वाळूत गुडघे उभे करून बसलेला. रागावला असेल म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली. ती त्याने नुसती हातात धरली.

"तुम्ही गेल्यावर एक होडी आली," तो म्हणाला. "बाहेरून. मासे घेऊन. म्हातारा होता एकटा. मला वाटलं, आता येईल आत. पण तो त्या दांड्याच्या बाहेरच थांबला. इंजिन हळू केलं आणि नुसता उभा. लाटा येतायत, जातायत, हा ढिम्म. मला वाटलं इंजिन बिघडलं. मी घड्याळ लावलं. वीस मिनिटं, वहिनी. आणि मग एकदम जोरात आला, सरळ, एक थेंब उडाला नाही."

"अरे, मग निघू या का? भूक लागलीय," नवरा म्हणाला.

तो उठेना. दांड्याकडेच बघत होता. "घर समोर दिसत असताना," तो म्हणाला, "वीस मिनिटं."